पुढची डावी सीट

५ जानेवारी, रविवार

ठरलं. जगातल्या सगळ्या गाड्या जड आहेत. आपण हलकी करायची.

एका माणसाला ऑफिसात पोचवायला हजार किलो लोखंड. हे आजवर कुणालाच खटकलं कसं नाही?

रोजच्या वापराची गाडी. पाण्याच्या थेंबाचा आकार. लिटरला पन्नास. नावही सुचलं: थेंब. वहीत तीन आकृत्या काढल्या. तिसरी चांगली आली.

आधी सिद्धांत घरच्या हॅचबॅकवर सिद्ध करायचा. मग थेंब.

मेधाला सांगितलं. तिने विचारलं, ड्रायव्हिंग टेस्ट अठरा फेब्रुवारीलाच ना. हो म्हटलं. बायकोला विषय बदलायची सवय आहे.

६ जानेवारी, सोमवार

पुण्यात एकोणीस वर्षं गाडी चालवली. ते लायसन्स या देशात चालत नाही. म्हणून मी लर्नर. लर्नरच्या शेजारी लायसन्सवालं कुणीतरी बसावं लागतं. लर्नरने एम-फिफ्टी मोटरवेवर जायचं नाही. म्हणून रोज सकाळी मी ब्लँचर्डस्टाउनच्या घरून चेरीवूडच्या ऑफिसला आतल्या रस्त्यांनी दीड तास गाडी चालवतो. मेधा शेजारी बसते. मला उतरवून ती तीच गाडी उलटी ब्युमॉन्टला नेते. तिथे ती हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. दहाची ड्यूटी. संध्याकाळी हेच सगळं उलट.

मेधा पहिल्याच टेस्टला पास झाली होती. तिला रस्ता सोपा आला होता.

मी दोनदा नापास. दोन्ही वेळा शेरा एकच: आरशात पाहत नाही. पुढे जाणाऱ्याने मागे कशाला पाहायचं, हे कुणी सांगितलं नाही.

आजचं ॲव्हरेज लिटरला सोळा.

११ जानेवारी, शनिवार

काम सुरू. भारतातून येताना बॅगा तोलायचा हुकवाला काटा प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, होता. उत्तम यंत्र. तेवीस किलोच्या बॅगेत दोनशे ग्रॅमचाही घोळ या काट्याने कधी होऊ दिला नाही.

स्टेपनी, साडेतेरा किलो. जॅक, अडीच. मागचा वायपर, चारशे ग्रॅम. गाडीचं माहितीपुस्तक, सहाशे. डिकीतली छत्री. देवाची छोटी मूर्ती डॅशबोर्डवर राहू दिली. चाळीस ग्रॅम. तेवढी सूट.

मेधा म्हणाली, पंक्चर झाली तर? म्हटलं, हलक्या गाडीची चाकं पंक्चर होत नाहीत. मग तिने मला आरशाची प्रॅक्टिस करायला बोलावलं. हात ग्रीसचे होते.

१९ जानेवारी, रविवार

मागची सीट काढली. एकवीस किलो. मोठा दिवस.

श्रावणीने दार उघडलं, आत पाहिलं, दार लावलं. चौदा वर्षांची आहे. म्हणाली, "ग्रँड, बाबा. आय'ल गेट द बस." मराठीत सांग म्हटलं. ती गेली होती.

म्हणजे आणखी अठ्ठेचाळीस किलो आपोआप कमी.

ॲव्हरेज सोळा पूर्णांक चार. सिद्धांत बरोबर आहे.

२७ जानेवारी, सोमवार

मेधाला बढती देताहेत. फार्मसीचा एक अख्खा विभाग तिच्याकडे. तीन मार्चपासून. सकाळी साडेसातची ड्यूटी. म्हणजे सकाळी मला सोडणं जमणार नाही. वीस फेब्रुवारीपर्यंत हो किंवा नाही कळवायचं.

हीच जागा तिला गेल्या वर्षीही देत होते. तेव्हा ती नाही म्हणाली होती. का ते आठवत नाही. बहुधा माझी दुसरी टेस्ट तेव्हाच झाली होती.

जेवताना तिने शांतपणे सांगितलं, की तू अठराला पास झालास तर मी हो म्हणते. मी म्हटलं, समज झालोच. तिने समजलं नाही. रोज एक तास प्रॅक्टिस करायचं वचन घेतलं. दिलं.

आज प्रॅक्टिस झाली नाही. वचन संध्याकाळी दिलं होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

वजनाचं आटोपलं. आता हवा.

गाडीचा मागचा भाग एकदम तुटल्यासारखा संपतो. तिथे हवा गोंधळते. थेंबाला शेपूट असते, म्हणून थेंब पडतो. गाडीला शेपूट हवी.

मंडळाचं गणपतीचं मखर आपल्या शेडमध्ये आहे. थर्माकोल. गेल्या वर्षी सजावट समितीत मीच होतो, तेव्हा अधिकार माझा. कापून सव्वा मीटरची शेपूट केली. चिकटपट्टीने बसवली. सोनेरी रंग तसाच ठेवला. डाव्या बाजूला अर्धा मोर दिसतो.

शेपटीमुळे लर्नरची पाटी झाकली गेली. ती छतावर लावली.

डावा आरसा मिटून ठेवला. बाहेर आलेला कान आहे तो.

मेधा बराच वेळ गाडीभोवती फिरली. मग म्हणाली, आज तरी प्रॅक्टिस. मी म्हटलं, चिकटपट्टी वाळू दे.

९ फेब्रुवारी, रविवार

मंगळवारी शेपूट लुकनच्या राउंडअबाउटवर राहिली. उशीर होत होता, थांबलो नाही. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, कौतुकाने.

आज मंडळाचे सेक्रेटरी बाळासाहेब यांचा फोन. त्यांच्या ओळखीच्या कुणाला तरी राउंडअबाउटवर मोर दिसला. मखर कुठे आहे असं विचारत होते. संशोधनात आहे असं सांगितलं. बाळासाहेब म्हणाले, उपेंद्रराव, सप्टेंबरात संशोधनावर गणपती बसवायचा का? माणूस खवचट आहे.

शेपूट असताना ॲव्हरेज पंधरा. नसताना सोळा पूर्णांक तीन. त्या दिवशी वारा समोरून होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज प्रॅक्टिस केली. पंचवीस मिनिटं.

उतारावर न्यूट्रल केली. सिग्नलला इंजिन बंद. कात्रजचा घाट मी असाच उतरायचो. मेधा म्हणाली, टेस्टमध्ये उतारावर न्यूट्रल केलीस तर तिथेच नापास. मी म्हटलं, पेट्रोल वाचवणाऱ्याला नापास करणारा देश प्रगती कशी करणार. ती म्हणाली, देशाचं जाऊ दे, आरसा बघ.

आरसा मिटलेला होता.

घरी आल्यावर ती पायऱ्यांवर बसून राहिली. म्हणाली, "मला ती जागा हवी आहे, उपेंद्र." एवढंच. मी म्हटलं, मलाही.

परवा नक्की दोन तास.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल दोन तास थेंबच्या आकृत्यांत गेले. अकरावी आकृती अप्रतिम.

उद्या दीडला टेस्ट. दोघांनी उद्याची सुट्टी घेतली आहे. मेधा आज रात्री मला प्रश्न विचारत होती. दोनच चुकले. दोन्ही आरशाचे.

मेधाने डावा आरसा उघडला. स्टेपनीही परत टाकायला सांगितली. टाकली. एक दिवस गाडी पुन्हा जड. सहन करायचं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

घटना लिहून ठेवतो. पुढे उपयोग होईल.

पाऊण वाजता टेस्ट सेंटरवर पोचलो. मेधा म्हणाली, मी कॉफी आणते, तू इथेच बस आणि मान वळवायची सवय कर. डावा, मधला, उजवा. ती गेली.

मी विचार केला. पास झालो की सुट्टी असली तरी इथून थेट चेरीवूडला एकटाच गाडी नेणार, ऑफिसात दाखवायला. या देशात पहिल्यांदा शेजारी कुणी नसेल. मग शेजारची सीट कशाला? सोळा किलो. चार बोल्ट. पाना दाराच्या खणात होता. पंधरा मिनिटांत सीट बाहेर. भिंतीला टेकवून ठेवली. मेधाला मग बसनेच घरी जावं लागणार, तिने घेऊन जावी असा बेत.

मग वेळ उरला. आरशांत पाहिलं. तिन्ही. छान पाहिलं.

टेस्ट घेणाऱ्या बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात टॅबलेट. माझं नाव नीट उच्चारलं. डावं दार उघडलं. आत पाहिलं. मागेही पाहिलं. मागची सीट जानेवारीपासून शेडमध्ये आहे.

"मी कुठे बसू?" त्यांनी विचारलं.

मी भिंतीजवळची सीट दाखवली. म्हटलं, तिथून रस्ता बऱ्यापैकी दिसतो.

त्या रागावल्या नाहीत. इथली माणसं रागावत नाहीत, तेच अवघड आहे. म्हणाल्या, नो बॉदर, काही हरकत नाही, पण आज टेस्ट होणार नाही. नवी तारीख मागा. तेवढ्यात मेधा दोन कॉफ्या घेऊन आली. गाडीकडे पाहिलं. सीटकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. एक कॉफी बाईंना दिली. मग भिंतीजवळच्या सीटवर बसून दुसरी संपवली.

महत्त्वाचं: मी नापास झालेलो नाही. टेस्ट झालीच नाही.

सीट मेधाने बसवली. मी बोल्ट दिले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नवी तारीख जूनमधली मिळाली.

मेधाला म्हटलं, जूनपर्यंत थांबायला सांगून बघ. हॉस्पिटलं समजूतदार असतात. ती डबा भरत होती. झाकण लावलं.

"मी सकाळीच हो कळवलं. तीन तारखेपासून पावणेसातला गाडी घेऊन निघेन. तू बसने जा."

माझं मत विचारायचं राहिलं असावं.

शेडमधून मागची सीट तिने आणि श्रावणीने उचलून आणली. मी दिवा धरला.

३ मार्च, सोमवार

पावणेसातला मेधा गेली. तिने गाडी एका दमात मागे घेतली. तिन्ही आरशांत पाहिलं. मी खिडकीतून मोजलं.

सात वीसला तिचा मेसेज. पोचले.

मी तेव्हा स्टॉपवर होतो. पहिली बस भरून गेली. दुसरी मिळाली. डबलडेकर. चौकोनी, समोरून भिंतीसारखी सपाट. हवेचा विचार कुणी केलेला नाही. वेळ होता म्हणून फोनवर तिचं वजन शोधलं. बारा टन. माणसं मोजली. वर-खाली मिळून ऐंशी.

सहज भागून पाहिलं. माणशी दीडशे किलो.

मग आमची गाडी भागली. सगळं काढल्यावर, मी एकटा. माणशी नऊशे तीस.

थेंबची अकरावी आकृतीही भागली. चारशे.

म्हणजे रोजच्या वापराची हलकी गाडी कुणीतरी आधीच केली आहे, आणि मी तिच्यात आहे.

चेरीवूडपर्यंत उभा होतो.