सीट दोन बोटं वर

६ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरांची शीर चुकली. एकदा नाही, दोनदा!

अकरा वर्षं झाली घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढतेय. तान्ह्या बाळाचीसुद्धा शीर सापडते मला. लॅबमध्ये सगळे म्हणतात, हिच्या हाताला डोळे आहेत. आणि आज मास्तरांच्या त्या काटकुळ्या हातावर — पहिल्यांदा सुई आत गेली, रक्त आलंच नाही. दुसऱ्यांदा शीर बाजूला सटकली. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची असते, ती धरलीच गेली नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट — दोन्ही बधिर. जणू दुसऱ्या कुणाची तरी बोटं माझ्या हाताला लावलीत.

मास्तर ऐंशीच्या पुढचे. म्हणाले, "असू दे गं. मी जन्मभर पोरांना तेच तेच पुन्हा लिहायला लावलं. आता माझी पाळी!" मी हसले. जिना उतरले आणि सायकलजवळ उभी राहून रडले.

७ फेब्रुवारी

उजवा गुडघा. जिना चढताना वाटीच्या पुढे कळ येते. आज चार घरं, चारही वरच्या मजल्यावर!

८ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांच्या सुनेचा लॅबमध्ये फोन. हात काळानिळा झालाय म्हणे.

मॅडमनी आत बोलावलं. आवाज चढवला नाही, हे जास्त लागलं. "तुमच्याबद्दल आजवर एक तक्रार नाही, म्हणून विचारते. हाताला काही होतंय का?"

"नाही मॅडम." धडधडीत खोटं!

"पुन्हा असं झालं तर घरच्या फेऱ्या बंद कराव्या लागतील. काउंटरवर बसावं लागेल."

काउंटर म्हणजे दिवसभर बाटल्यांना नावं चिकटवायची. माणूस समोर नाहीच. मला माणसं लागतात. आजीबाईंना बोलण्यात गुंतवून सुई कधी गेली ते कळू द्यायचं नाही — एवढी एकच गोष्ट मला जगात नीट येते.

बाबा आठवत राहिले. बाबा शिंपी. शेवटच्या वर्षांत सुई हातातून पडायची आणि ते जमिनीवर हात फिरवत शोधत बसायचे. आम्हाला वाटायचं, नजर गेली. चष्मा करून दिला! नजर नव्हती गेली. बोटं गेली होती.

माझं वय चव्वेचाळीस. बाबांचं सुरू झालं तेव्हा किती होतं? कुणाला विचारू?

९ फेब्रुवारी

ताईचा फोन. बोलता बोलता तोंडातून निसटलंच. "डॉक्टरकडे जा," म्हणाली. "जाते." "तुझं जाते मला माहीत आहे. दाढ उपटायला तू दोन वर्षं जात होतीस!"

हिच्याशिवाय कुणाला काही सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच.

११ फेब्रुवारी, रविवार

आज दिवसभर बोटांना काही नाही. कणीक मळली, कपडे पिळले, मुंग्यासुद्धा नाहीत!

मागच्या रविवारीही नव्हत्या. रोज सकाळी उठतेही ठणठणीत, दहा वाजले की बोटं जातात. मग रविवारी असं काय नसतं?

सायकल!

डोक्यात हे आलं आणि आधी हायसं वाटलं. पण सायकल नवऱ्याने आणलीय. दोन महिन्यांपूर्वी, त्याच्या चष्म्याच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडून. जुनी होती, पण त्याने दोन सुट्ट्या घालवून गंज घासला, मडगार्ड रंगवलं, घंटी नवी बसवली. मला खाली बोलावून म्हणाला, "डोळे मीट." वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा डोळे मीट म्हणाला! सायकल उंच होती, मी घाबरले, म्हणून सीट पार खाली करून दिली — दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी. रोज संध्याकाळी विचारतो, "कशी चालते?" मी रोज म्हणते, "मस्त!"

आता कुठल्या तोंडाने सांगू?

१२ फेब्रुवारी, सोमवार

फेऱ्या संपवून सायकल बाजारामागच्या मिस्त्रीकडे नेली. तोंडात काडेपेटीची काडी, बोलणं मोजकं. मी म्हटलं, हात बधिर होतात, गुडघा दुखतो. त्याने सायकलकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "बसा. भिंतीला धरून बसा."

बसले.

"कामाला ह्याच चपला घालता?" हो. "डब्बा हाच?" हो. नमुन्यांचा डबा मी हँडलला अडकवते. तो काडी चावत तीनदा माझ्याभोवती फिरला. इतकं निरखून मला लग्नाच्या वेळीसुद्धा कुणी बघितलं नसेल!

"टाच ठेवा पायडलवर. पायडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला?"

"नाही."

"झाला पाहिजे. टाच ठेवून सरळ, म्हणजे चवडा ठेवला की जरासा वाकेल. तेवढाच हवा. तुम्ही खुर्चीत बसून जिना चढताय, ताई. गुडघा बोंबलणारच."

मग सीटवर हात ठेवला. सीटचं नाक खाली झुकलेलं. "ह्याच्यावरनं तुम्ही दिवसभर पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलता. सगळं वजन तळहातावर. वर हा डब्बा. बोटांनी काय करायचं?"

मी विचारलं — म्हणजे बोटं जाणार नाहीत ना? त्याने तोंडातली काडी काढली. "मी सायकलचा मिस्त्री आहे. बोटांचं डॉक्टर सांगेल. पण सायकलने केलं असेल तर सायकल सुधारल्यावर उतरेल. महिनाभर बघा. नाही उतरलं तर मात्र डॉक्टर, काय?"

सीट दोन बोटं वर केली, नाक सपाट केलं. डबा मागच्या कॅरियरवर. हँडल उंच करा म्हटलं तर नाही म्हणाला. "सगळं एकदम बदललं तर कशाने उतरलं ते कळायचं नाही. आठवडाभर चालवा. मग या."

१३ फेब्रुवारी

पाय जमिनीला पोचत नाहीत! चौकात केळीवाल्याच्या गाडीला मिठी मारली. तो म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी डझनभर घ्या तरी."

१४ फेब्रुवारी

युक्ती सापडली — थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, बसून थांबायचंच नाही. एवढी साधी गोष्ट! सहा घरं झाली. गुडघा — लिहायला भीती वाटते, दृष्ट लागेल — पण गप्प आहे.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज भांडण. मोठं.

सकाळी सायकल काढली तर सगळं पुन्हा जड. तिसऱ्या घरापर्यंत गुडघ्यात तीच कळ. खाली बघते तर सीट खाली! वाटलं, दांडा सैल राहिला. मिस्त्रीच्या नावाने बोटं मोडत दिवस काढला.

संध्याकाळी नवरा जेवताना सहज म्हणतो, "अगं, तुझी सीट कुणीतरी वर केली होती. पडली असतीस! मी काल खाली करून आवळून ठेवली."

माझा घास हातातच राहिला. आणि मग जे तोंडातून निघालं ते थांबेचना. ती मीच वर करून घेतली होती, दोन महिने गुडघा दुखतोय, बोटं बधिर होतात, मास्तरांचा हात मी काळानिळा केला, मॅडम काउंटरवर बसवायला निघाल्यात — सगळं. शेवटी हेही म्हणाले, "दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मा बसवतोस, दांडी सूतभर वाकवून देतोस! आणि बायकोला सायकल अंदाजाने?"

बोलायला नको होतं. तो ताटावरून उठला नाही. म्हणाला, "मी रोज विचारत होतो."

"हो."

"रोज मस्त म्हणालीस."

सायकलचं नाही लागलं त्याला. मी एकटीने सोसलं, ते लागलं. ताटं मी उचलली, भांडी त्याने घासली.

१७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी मी खाली उतरते तर तो आधीच सायकलजवळ. हातात पाना. "किती वर होती? दाखव."

मी दोन बोटं दाखवली. त्याने माझी बोटं दांड्याला लावून मोजली — माझीच, त्याची जाड आहेत म्हणून! — आणि सीट वर केली. खडूने दांड्यावर खूण केली. "आता मी हात लावणार नाही."

२० फेब्रुवारी, मंगळवार

दोघं मिस्त्रीकडे. मला वाटलं होतं दोघांची जुंपणार. कसलं काय! पाच मिनिटांत माझा नवरा उकिडवा बसून मिस्त्रीला सांगतोय — कानामागे दुखतं म्हणून गिऱ्हाईक येतं, पण चूक बहुतेक वेळा नाकावर असते. मिस्त्री म्हणाला, "अगदी! आमच्याकडेही दुखतं एकीकडे, बिघाड दुसरीकडे." मग दोघं माझ्याभोवती फिरायला लागले. मी भिंतीला धरून सायकलवर, देवळातल्या देवासारखी!

हँडल उंच केलं, जरा माझ्याकडे वळवलं. आता कोपर किंचित वाकलेलं राहतं, मनगट सरळ. मुठी जाड रबराच्या. मिस्त्रीने बजावलं, "मूठ घट्ट आवळायची नाही. चिमणी धरल्यासारखी धरा — उडून जाऊ नये आणि मरूही नये."

घरी येताना नवरा मागून चालत होता. मध्येच ओरडला, "खांदे! खांदे खाली!" रस्त्यावरचे चार लोक वळले आणि त्यांनीही खांदे खाली केले.

२३ फेब्रुवारी

दुपारी एकपर्यंत बोटं माझी होती. दीडला करंगळीला मुंग्या. गेल्या आठवड्यात हे दहालाच व्हायचं.

२६ फेब्रुवारी, सोमवार

पाच घरं. मुंग्या नाहीत. पाचही जणांची शीर पहिल्या झटक्यात. एक बाई म्हणाल्या, "झालं? मी अजून घाबरायला सुरुवातच केली नव्हती!"

२८ फेब्रुवारी, बुधवार

मास्तरांकडे जायचं होतं. मॅडम दुसऱ्या मुलाला पाठवणार होत्या. मी म्हटलं, मला जाऊ द्या. आणि त्या दिवशी खोटं बोलले होते तेही सांगितलं — बोटं बधिर होत होती, कारण सायकल होती. त्या म्हणाल्या, "हे त्याच दिवशी सांगितलं असतंत तर आठवडाभर तुम्हाला जवळच्याच फेऱ्या दिल्या असत्या." एवढंच! आणि मी तीन आठवडे जीव मुठीत धरून फिरत होते.

दार सुनेनेच उघडलं. चेहरा ताठ. मास्तर आतून म्हणाले, "कोण, तीच का? मग येऊ दे." बाही स्वतः वर केली. जुना डाग पिवळा पडून जात आला होता. मी तळहात एकमेकांवर घासले, बोटं एकेक मोजली — पाच, पाच. कातडी ताणली. करंगळीखाली त्यांची शीर लागली, अगदी स्पष्ट, फुगलेली.

एकदाच.

"झालं मास्तर."

"बघू," म्हणाले, आणि बाटली उजेडात धरून लाल शाईने वही तपासावी तशी बघितली. "बरोबर!" सून पाठ फिरवून गेली. मला वाटलं रागावली. तर पाण्याचा पेला घेऊन आली, आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "मीही तेव्हा जरा जास्तच बोलले फोनवर."

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने पुन्हा पुन्हा सांगायला लावलं — "बरोबर" कसं म्हणाले, तेवढंच.

२ मार्च

ताईला कळवलं. ती म्हणते, "तरी डॉक्टरकडे जा." जाते!

३ मार्च, रविवार

सकाळी दोघं मैदानावर गेलो. नवरा म्हणाला, "दे, मी एक फेरी मारतो." चढला. मी हसत बघत होते. मग उजवा पाय पायडलवरून घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. सायकल आता माझ्या मापाची, म्हणून असेल म्हटलं. पण तसं असतं तर दोन्ही पाय घसरले असते ना! घसरत होता फक्त उजवा.

उतरल्यावर म्हणाला, "चप्पल गुळगुळीत झालीय." मी त्याला कट्ट्यावर बसवलं, चपला काढायला लावल्या. टाच टेकवून पंजे वर उचल म्हटलं. डावा उचलला. उजवा अर्ध्यातच थांबला.

"कधीपासून?"

चपला पायात सरकवत म्हणाला, "तुझं हाताचं चाललं होतं. म्हटलं, आधी तुझं होऊ दे."

उद्या नऊला डॉक्टर. मी रजा टाकलीय.