चीनचे गुरुजी आणि गावचा नळ

अहो सुभाषचे बापू,

उद्या ग्रामसभा हाय आन् माझा जीव थाऱ्यावर न्हाई. सकाळधरनं चहा दोनदा उतू गेला. कोणापाशी बोलावं? म्हणून तुमच्या हार घातलेल्या फोटोपुढं तुम्हालाच लिहायला बसले. अक्षराला हसू नका!

आधी गोड सांगते. आपली नात, सुभाषची पिंकी, लातूरला शिकतीया. परवा निलंग्याच्या बसनं आली, ती चीनच्या एका जुन्या गुरुजींचं पुस्तक घेऊन. कन्फ्यूशियस नाव त्यांचं. पोरगी काय बोलते हो! तुमच्यावाणीच बोट नाचवून. मी कढी ढवळायची सोडून बघतच बसले.

म्हणाली, "आज्जे, गुरुजी म्हणायचे, कारभारी सरळ वागला तर लोक हुकमाबिगर सरळ वागतात."

"मग तुझी आजी सरपंच हाय. वाकडी वागते का गं?"

"तू न्हाईस. पप्पा?"

माझं हसूच गेलं. सुभाषनं गावच्या नळाला गुपचूप पाइप जोडून आपल्या मोसंबीला पाणी ओढलंय. आन् वरच्या आळीच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन माझ्याच दारात!

पण त्याच गुरुजींनी असंबी म्हटलंय म्हणे, की बापानं मेंढरू चोरलं तर लेकानं झाकावं, लेकाचं बापानं झाकावं. तुम्हीच आठवलात! लहानपणी सुभाषनं शेजाऱ्याचं टरबूज फोडलं, तुम्ही शेळीवर ढकललं. कशाला झाकलं हो तवा? शेळीनं बिचारीनं लई मार खाल्ला.

मी पिंकीला म्हणलं, मेंढरू एका घरचं, पाणी अख्ख्या गावाचं. तुझे गुरुजी भेटले तर भांडीन मी!

"भांड की! आईबाप चुकले तर मायेनं सांगावं, हेबी त्यांचंच."

मग आईनं लेकाला का सांगू न्हाई? जेवताना सांगितलं. तर म्हणतो, "माय, चार लोकांत माझी इज्जत काढतीस?"

"पाइप काढ, इज्जत ऱ्हाईल."

ताटावरून उठून गेला. अर्धी भाकर तशीच. 

तुम्ही असता तर म्हणला असता, गप बस. न्हाई बसणार. सभेआधी त्यानं पाइप काढून चूक कबूल केली तर सोनं. न्हाईतर त्याचं नाव मीच घेणार, दुसऱ्या कोणाला घेऊ देणार न्हाई. आन् नाव घेतलं की खुर्चीवरनं उठून, आई म्हणून त्याच्याशेजारी जाऊन बसणार. हा माझा शब्द.

तुमची,
सरपंच पारू