भाकरीनं मेलेले सात मासे

न्हाई बा, मी मरायला निघालो न्हाई. फोनवर तुमचं तेच ते, "बावीस वर्षांचं पोरगं मृत्युपत्र काहून लिहून राहिलं?" मासेमारीची बंदी उठली की आमची बोट खोल समुद्रात जाणार. मागच्या हंगामात शेजारच्या बोटीवरचा खलाशी बुडाला, आणि त्याच्या घरी सामानावरून भांडणं लागली. तुमी भांडू नये म्हणून लिहितो.

मी रामप्रसाद थावरा राठोड, शिक्षण अर्धी पाचवी, राहणार आखाडा बाळापूरजवळचा तांडा. डोकं ठिकाणावर आहे, दारू घेतलेली न्हाई, कुणी दटावलेलं न्हाई. माझ्या माघारी असं करावं.

१. विम्याचे आणि बँकेतले पैसे याडीला, म्हणजे माझी आई धुरपताबाई हिला. बा, त्यातून मोटरसायकल घ्यायची न्हाई.

२. मोबाईल बहीण सपनाला. आतले माशांचे फोटो पुसू नये.

३. पत्र्याच्या पेटीतले शिंपले आणि वाळलेला तारामासा शाळेतल्या शिवकन्याबाईंना. मला एका जागी बसवत नव्हतं. बाईंनी मारलं न्हाई, वर्गातल्या माशांच्या काचपेटीसमोर बसवलं. म्हणाल्या, "गोगलगाय या टोकाहून त्या टोकाला कधी पोचते, मला सांग." अख्खी दुपार बसलो. कोण कुणाला खातं, घाण कोण साफ करतं, एवढा समुद्र कसा चालतो, ते मला आपल्या तळ्यातून आणून त्या पेटीत सोडलेल्या सात माशांवरून कळलं. आज जाळ्यात अंडीवाली खेकडी आली की मी पाण्यात परत सोडतो. बोट चालवणारा आमचा तांडेल म्हणतो, "आला मोठा मास्तर!" बाई, हे तुमचंच देणं.

४. सायकल माझ्या वर्गातल्या नरसिंगला. दिवाळीच्या सुट्टीत काचपेटी सांभाळायची पाळी त्याची होती. आमी ऊसतोडीला निघालो, तेव्हा मासे उपाशी राहतील म्हणून मी खिडकीतून अख्खी भाकरी कुस्करून टाकली. परत आलो तर कळलं, सातही मेले, आणि नरसिंगनं पाणी बदललं न्हाई असं ठरलेलं. पोरं त्याला 'मासेमाऱ्या' म्हणायची, मीबी म्हणालो. त्याच्या वरातीतसुद्धा कुणीतरी ओरडलंच. दोन वर्षांमागं एका खाडीत सडक्या मासळीचा ढीग टाकलेला पाहिला. जिते मासे वर येऊन तोंडं उघडून राहिले होते. बाई सांगायच्या ते आठवलं, सडतं ते पाण्यातली हवा खातं. तेव्हा कळलं, मासे मी मारले. नरसिंग, तुझी तकलीफ माझ्यामुळं. भिऊन दोन वर्षं गप्प बसलो.

५. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार न्हाई. सपना आता त्याच शाळेत शिकते; ती सांगते, काचपेटीत आता खडू ठेवतात. बाईंनी ती तिच्या वर्गात परत लावावी. पहिली घागर नरसिंगनं ओतावी, आणि सगळ्यांसमोर सपनानं कलम चार मोठ्यानं वाचावं. खाणं चिमूटभरच. सुट्टीत कुणाला दया आली तरी भाकरी टाकू नये.

वाचून पाहिलं, बराबर आहे.

सही: रामप्रसाद थावरा राठोड
साक्षीदार: पेमा चव्हाण, खलाशी (अंगठा); इस्माईल होडेकर, तांडेल (सही)
मुक्काम बंदरवस्ती, जिल्हा रत्नागिरी. २९ जुलै २०२५.

हवेचा पंप आणि वाळू घ्यायला, काचेची गळती बुजवायला बाईंच्या नंबरवर आजच पाठवतो: रुपये चार हजार सहाशे फक्त.