सात नंबरचं रक्त

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत आडवं पडायला तेवढी लांबी नाही, तेव्हा चार-पाच अंगांचाच पोचला असं समज.) तुझी पाठ कशी आहे? वहिनीचा खोकला गेला का? चिमणीचा पुढचा दात आला, की ती अजून 'श'ला 'फ'च म्हणते? मी इथे मजेत आहे. म्हणजे आहे, मजेचं खाली बघू.

प्रयोगशाळेत मी नेमकं करते काय, हे तू दर वेळी विचारतोस आणि मी दर वेळी 'ते मोठं आहे' म्हणून टाळते. आज सांगते. आम्ही एका प्रथिनाच्या मागे लागलो आहोत. त्याचं खरं नाव गाडीच्या नंबरासारखं आहे, अर्धी अक्षरं, अर्धे आकडे, म्हणून आम्ही त्याला 'चोंबडं' म्हणतो. माणसाच्या मूत्रपिंडातल्या पेशींवर ते एरवी गुपचूप बसून असतं. पेशींना इजा व्हायला लागली की जागा सोडून रक्तात हिंडू लागतं आणि माणसाला स्वतःला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी बातमी फोडतं. एवढ्यावरच थांबतं तर आम्ही त्याचा सत्कार केला असता. पण आमच्या मॅडमना संशय आहे की ते नुसती बातमी देत नाही, मूत्रपिंडातले वण वाढवायला हातभारही लावतं. म्हणजे साक्षीदार तेच आणि आरोपीही तेच! ते नीट मोजता आलं तर आजार लवकर कळेल, आणि त्याला गप्प बसवणारं औषध सापडलं तर आजार कदाचित थांबेलही. (यातलं 'कदाचित' मॅडम फार जोरात म्हणतात.)

तर मोजणीचं यंत्र लावून घ्यायला धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं. आम्ही अकरा जणांनी बाह्या वर केल्या. नळ्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. कोणता आकडा कोणाचा हे ज्याचं त्याला आणि रक्त काढणाऱ्या काकांनाच ठाऊक. निकाल आले. दहा जण शहाण्यासारखे खाली एका ओळीत, आणि सात नंबर एकटा वर, कागदाच्या कडेला जाऊन टेकलेला.

सात नंबर म्हणजे मी.

मॅडमनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "सात नंबर नासलंय. पुन्हा करा." हे काम कोणाकडे, तर माझ्याचकडे. मी दर वेळी काकांकडून नवं रक्त काढून घेतलं. नळी बदलली, सात नंबर वरच. रसायनाची नवी बाटली फोडली, तरी वरच. मग आम्ही फ्रिजवर आळ घेतला. फ्रिजवाला आला, त्यानं तीन ठिकाणी तापमान मोजून दाखवलं आणि रागारागानं चहासुद्धा न घेता गेला. तीन आठवडे हेच. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "या सात नंबरानं आपला महिना खाल्ला." मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं 'हो ना' म्हटलं. इतकंच नव्हे, अहवालात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सात नंबर विश्वासार्ह वाटत नाही.'

दादा, खरं सांगू? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाबांचे पाय सुजायचे तेव्हा आपण दोघं बोटानं दाबून खड्डा पाडायचो आणि तो भरायला किती वेळ लागतो ते मोजायचो. आपल्याला तो खेळ वाटायचा. बाबा हसून म्हणायचे, "अजून एक पाड." मी या कामाला लागले ती त्या खड्ड्यांसाठी. आणि तेच काम आपल्या दारात येऊन उभं राहिलं, तर मी फ्रिजला दोष देत बसले.

चौथ्या वेळी काकांनी दंडाला पट्टा बांधला, पण सुई टोचेनात.

"पोरी, चूक यंत्राची असेल, तर तू का रडतेयस?"

"धूळ गेली डोळ्यात," मी म्हटलं. (आमच्या प्रयोगशाळेत चपला बाहेर, केसांवर टोपी आणि हवासुद्धा गाळून घेतलेली.)

काकांनी पट्टा सोडला आणि मला धरून सरळ मॅडमसमोर उभं केलं. मॅडमनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "तीन आठवडे तू मला फ्रिजवाल्याशी भांडायला लावलंस." आणि पर्स उचलली. "चल."

वाटेत त्यांनी बजावलं की आपली चाचणी अजून कच्ची आहे, एका आकड्यानं कोणी आजारी ठरत नाही, खरं काय ते डॉक्टरच सांगतील. हे त्यांनी सहा वेळा सांगितलं. मला धीर देण्यासाठी किती आणि स्वतःला किती, कोण जाणे. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे तर त्यांनी इतके प्रश्न विचारले की डॉक्टरांनी त्यांच्याच दंडाला पट्टा गुंडाळला आणि "रक्तदाब उत्तम आहे तुमचा" म्हणून मोकळे झाले. मॅडमनीही आधी 'थँक्यू' म्हटलं आणि मग मला पुढे ढकललं.

माझा रक्तदाब थोडा चढलेला निघाला, लघवीतून थोडं प्रथिन जात होतं, बाकी मूत्रपिंडं कामावर हजर. रोज सकाळी एक गोळी, मीठ कमी, दर तीन महिन्यांनी हजेरी. असं सांभाळलं तर पुष्कळ वर्षं निभेल, म्हणाले. आणि म्हणाले, "फार लवकर आलात." बाबांच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले होते ते तुला मी सांगायला नको. बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि मनसोक्त रडले. मॅडम शेजारी बसल्या, रुमाल दिला, आणि जरा वेळानं म्हणाल्या, "ते विश्वासार्ह नाही वगैरे आधी खोड."

वहिनीला नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. बाबा जसे माझे तसे तुझेही होते. लघवीची एक लहान बाटली आणि रक्तदाब, दाढी करण्याइतका वेळ लागतो. टाळू नकोस. वहिनीला वेगळं पत्र टाकलंय, तेव्हा हे लपवण्यात अर्थ नाही.

आणखी एक. आईला अजून सांगितलेलं नाही. तीनदा फोन केला आणि तीनदा तिकडची हवा कशी आहे तेवढंच विचारून ठेवला. काल चौथ्यांदा केला, तर आई म्हणाली, "हवेचं कळलं गं. आता तुझं सांग." मी घाबरून फोन ठेवून दिला. तू लवकर ये. दोघं मिळून सांगू.