दोन गोदामांचं सामान एका कॉम्प्युटरात

भोपाळ, मंगळवार

ती. स्व. प्रकाशदादास बाळूचा साष्टांग (खुर्चीत बसूनच) नमस्कार.

पत्र लिहायचं दिवाळीपासून टाळतोय, कबूल. लिहिण्यासारखं काही बिघडलंच नव्हतं. तुझी दाढ कशी आहे? मेसचं जेवण मानवतंय ना? इकडे काका-काकू बरे आहेत, म्हणजे दुपारपर्यंत होते.

दादा, तुझा लिनक्सवाला कॉम्प्युटर गेला! काकू एवढंच म्हणाली होती, "बाळू, स्मरणिकेसाठी एक बरा मराठी फॉन्ट टाकून दे." महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेचे एक्केचाळीस लेख तिने तीन महिने एका बोटाने टाइप केलेत, सोमवारी प्रेसला जायचेत. मी चौकशी करायला निघालो (हबीबगंजला एक दोस्त भेटला, पोहे-जलेबी झाली, मग त्याची नवी मोटरसायकल बघायला कोटऱ्याला, ते असो) आणि परतताना कारखान्यातल्या मेंटेनन्स खात्याच्या विश्वनाथकाकांनी चिठ्ठीवर एका रिपॉझिटरीचा पत्ता लिहून दिला. म्हणाले, गोदामच समज, सामान आपोआप येतं. घरी येतो तर डिझाइन खात्याचे श्रीवास्तवजी चहाला बसलेले. चिठ्ठी बघून म्हणाले, "मेंटेनन्सवालों का माल? छोड़ बेटा, मेरा वाला लिख." काकू मला आत नेऊन म्हणाली, "दोघांचंही घाल. दोघांच्या बायका माझ्याकडे हळदीकुंकवाला येतात. एकीकडचं घेतलं नि दुसरीकडचं परत केलं, असं टाउनशिपमध्ये चालत नाही."

घातले दोन्ही. झालं! एक सामान म्हणे मला ह्याचं जुनं व्हर्जन लागतं, दुसरं म्हणे मला नवंच पाहिजे, आणि तुझं आधीचं दोघांनाही जागा देईना. शेवटी कॉम्प्युटरनेच तोडगा काढला. भली मोठी यादी दाखवली (मला वाटलं, येणाऱ्या सामानाची) आणि विचारलं, हो की नाही? मी हो म्हटलं. दादा, ती जाणाऱ्या सामानाची होती! खिडक्या गेल्या, चित्रं गेली, माउसचा बाणसुद्धा गेला. काळा पडदा आणि लुकलुकणारी एक पांढरी रेघ. काकूने "लेख?" एवढंच विचारलं. दोन्ही साहेब येऊन गेले. एक गोदाम काढलंच पाहिजे यावर दोघांचं एकमत आहे. कुठलं, यावर नाही. आणि काढायचं तर काळ्या पडद्यावर माझा रोजचा पासवर्ड चालत नाही, तुझा तो मोठा मागतोय, जो फक्त तुला माहीत आहे.

तुझा,
बाळू

ता. क. पासवर्ड उलट टपाली पाठव. तुला लिहिलंय हे काकांना कळता कामा नये. तू कारखान्यातली अप्रेंटिसशिप सोडून पुण्याला पळालास तेव्हापासून त्यांच्यासमोर तुझं नाव निघत नाही, दोन वर्षं झाली.

ता. क. २. वरचं काल लिहिलं. आज श्रीवास्तवजींनी त्यांच्या सीडीवरून कॉम्प्युटर चालू करून सगळे लेख पेनड्राइव्हवर काढून दिले, एकही गेला नाही. पण काकू म्हणाली, हे कळवू नकोस. "नुसतं बिघडलंय म्हणून लिही. कॉम्प्युटरसाठी तरी येईल तो." मी आपला लिहून बसलो.

ता. क. ३. काका आले! भरदुपारी, भोंगा व्हायच्या आधी, नोकरीच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मागे उभे राहून वाचताहेत. आता पेन मागताहेत.

प्रकाश, पासवर्ड असा पोस्टाने पाठवायचा नसतो. स्वतः घेऊन ये. — बाबा