पाच मंगलाष्टकं, पाण्याच्या बाटलीशिवाय

१४ ऑक्टोबर
घशाचं शेवटचं रेडिएशन होऊन चार महिने, तोंड अजून कोरडंच. सकाळी सहाला, चूळ न भरता, औषधाच्या टोपणात पाच मिनिटं लाळ जमवली, सिरिंजने मोजली. ०.३ मिली. डॉ. म्हणतात, घरी असं कोणी मोजत नाही. मी मोजतो. ऑफिसातलं ऑटोकॅडही मला कोणी शिकवलं नव्हतं.
मुग्धाचं लग्न १६ फेब्रुवारीला नक्की. मंगलाष्टकं मीच लिहिणार आणि मीच म्हणणार. सुनंदा म्हणाली, "अहो, आधी पाण्याशिवाय पोळी गिळून दाखवा."

२ नोव्हेंबर
पहिलं कडवं पूर्ण. शार्दूलविक्रीडित. ओळीला १९ अक्षरं, बाराव्यावर यती. पुस्तकातून शिकलो, पण एकही लघु-गुरू चुकलेला नाही. म्हणायला गेलो तर दीड ओळीत जीभ टाळूला चिकटली.
नियम: एकूण पाच कडवी, मध्ये पाणी नाही. हातात बाटली धरून मुलीचं लग्न लावणारा बाप मला व्हायचं नाही.
संध्याकाळी जावईबापू गाझियाबादहून आले. अंकितला सगळं सांगितलं. "अंकल, टेन्शन क्यों? रिकॉर्ड कर लेते हैं, डीजे चला देगा." पोरगा चांगला आहे. उत्तर द्यायला नको म्हणून पाणी पीत राहिलो.

२० नोव्हेंबर
सापडलं. आमसूल. सोलकढीसाठी सुनंदाचा भाऊ रत्नागिरीहून पाठवतो, त्या बरणीतलं. गालात धरलं, पाच मिनिटांत १.१ मिली. चारही ओळी सलग. जे डॉक्टरांना सुचलं नाही ते...
सकाळी एक, ऑफिसात दोन. द्वारका ते बाराखंबा मेट्रोत एक पुरतं. आलेख काढायला घेतला.

१८ डिसेंबर
आमसुलावर तीन कडवी. आलेख रंगीत प्रिंट काढून डॉ.ना दाखवला. त्यांनी तो पाहिला, मग मला 'आ' करायला लावलं आणि सरळ दातांच्या विभागात पाठवलं.
दातांची डॉक्टर मुग्धाच्या वयाची. "अंकल, दिन भर क्या चूसते हैं आप?" खिशातली आमसुलाची पुडी काढून दाखवली. ती हसली नाही. तोंडातलं आंबट धुऊन काढायचं काम लाळेचं. ती कमी, आणि आंबट मी दिवसभर गालात धरलेलं. चार दात हिरडीपाशी खाल्ले गेलेत. "रेडिएशन वाले जबड़े से दाँत निकालना पड़ा, तो हो सकता है हड्डी भरे ही नहीं."
आलेख घडी करून खिशात.

१९ डिसेंबर
बरणी सुनंदाला परत केली. "तरी म्हटलं, सोलकढी एकदाच केली, आमसुलं संपतात कशी."
लाळ मोजली, दात मोजले नाहीत. चूक माझी, म्हणून माझ्याच अक्षरात इथे लिहून ठेवतो.
आमसुलाशिवाय: दोन ओळी.

९ जाने.
दातांना फ्लोराइडचं जेल. बिनसाखरेचं च्युइंगगम. आयुष्यात कधी चघळलं नव्हतं. सेक्शनमधले शर्माजी म्हणाले, "कुलकर्णी जी, इस उम्र में हीरोगिरी?" म्हटलं, लड़की की शादी है, और क्या.
आज एक गोष्ट पकडली. यतीवर मी श्वास तोंडाने घेत होतो, म्हणजे होतं तेवढं ओलंही वाळवत होतो. आता बाराव्या अक्षराला तोंड बंद, श्वास नाकाने, मग पुढची सात. पहिल्याच दिवशी साडेतीन ओळी.

३१ जाने.
काही न चघळता ०.६. दुप्पट. रेडिएशनमधून वाचवलेली उजवी लाळग्रंथी कामाला लागली असावी, असं डॉ.
सुनंदा आणि मुग्धाने अंतरपाट म्हणून चादर धरली. चार कडवी स्वच्छ. पाचव्याच्या तिसऱ्या ओळीत अडकलो. मुग्धा म्हणाली, "बाबा, चारच ठेवा ना यार." नाही.

१६ फेब्रु.
झालं. पाचही.
गाझियाबादचा हॉल, डीजे गप्प. अंकितकडच्यांनी पहिल्याच कडव्याला सगळ्या अक्षता उधळल्या. तिसऱ्यापासून गुलाबाच्या पाकळ्या, चौथ्याला कुणीतरी बडीशेप. पाचव्याची तिसरी ओळ. जीभ जड झाली. बाराव्याला तोंड मिटलं, नाकाने श्वास, मनात एक-दोन. ती शांतता माइकवर सगळ्यांनी ऐकली असणार. अंतरपाटाच्या कडेने मुग्धा बघत होती. मग सात अक्षरं आली, आणि चौथी ओळ अख्खी, वरच्या सुरात.
सुनंदाने शालूच्या पदराआड बाटली तयार ठेवली होती. सील तसंच होतं.

१८ फेब्रु.
सकाळी ०.५. कमी. डॉ.ना फोन केला. म्हणाले, अजून वर्षभर वाढू शकते, किंवा इथेच थांबेल. आत्ता सांगता येत नाही.
दुपारी विहीणबाईंचा फोन. "भाईसाहब, छोटे की शादी में भी आप ही गाएँगे. लाइव." म्हटलं, बिल्कुल. मग विचारलं, कधी आहे. अजून मुलगीच बघायची आहे म्हणे.
सुनंदा समोर माझी पोळी वरणात कुस्करत होती. "हो म्हणताना मला विचारलंत का? निदान डॉक्टरांना तरी?"
नवीन पाच लिहायला बसलोय. पहिली ओळ झाली. दुसरीत एक अक्षर जास्त होतंय