विमानाने न येण्याचं सविस्तर कारण

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत (मी सोडून). तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरतेस ना? आता मुळीच दुखत नाही असं तू मागच्या पत्रात लिहिलंस, त्यावरून जास्तच दुखतोय हे मी ओळखलं आणि तेव्हापासून माझाही दुखतो.

पत्रास कारण की, मी येत नाही. चिरंजीवांनी मला न विचारता पुढच्या महिन्यातलं विमानाचं तिकीट काढलं आहे. तू लगेच रागावू नकोस, आधी सगळं वाच. एक तर इथे माझी कामं असतात. सकाळी, हिला शेवटचं नेलं होतं त्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत फेरी, दुपारी हिचं कपाट आवरणं (आवरलेलंच असतं, तरी बघावं लागतं), संध्याकाळी पुन्हा फाटक. मी गेलो तर हे कोण करणार? आणि दुसरं म्हणजे, अक्का, मी जन्मभर लिफ्ट चालवली. वर गेलो, खाली आलो. आडवा असा कधी गेलोच नाही. शिवाय लिफ्टला वरून दोर असतो. विमानाला काय असतं? हे मी सूनबाईला विचारायला गेलो आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

आपली सूनबाई दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवते आणि सुटीच्या दिवशी मागच्या खोलीत विमान उडवते. (खरं नव्हे, कॉम्प्युटरवरचं. पण दांडा आहे, पायाशी पेडल आहेत, आणि त्यापायी इस्त्रीचं टेबल माझ्या खोलीत आलं आहे.) ती म्हणाली, "बाबा, एकदा शेजारी बसून तर बघा. आत्यांच्या गावाला जाऊन चहाच्या वेळेला परत." बसलो. पट्टा नव्हता म्हणून हिची शाल कमरेला घट्ट बांधली. आपण जमिनीवरच आहोत हे मला कळत होतं, पण पोटाला कळत नव्हतं.

तर विमानालाही एक प्रकारचा दोर असतो, फक्त दिसत नाही. खाली ठिकठिकाणी रेडिओचे खांब असतात. सूनबाई त्यांना बीकन म्हणते, मी आपला खांबच म्हणतो. आपण एका खांबाचा नंबर लावायचा, की सुई त्याच्याकडे बोट दाखवते आणि ऑटोपायलट नावाचा यंत्रातला सारथी त्या सुईकडे बघून नाक वळवतो. वारा आला, थोडं भरकटलं, तरी पुन्हा खांबाकडे. मला हे फार आवडलं. असा आज्ञाधारक प्राणी आमच्या घरात दुसरा नाही. मी शालीची गाठ थोडी सैलसुद्धा केली.

तेवढ्यात तिच्या दातांच्या दवाखान्यातून फोन आला, कुणाची तरी कवळी बसत नव्हती. सूनबाई उठली. "बाबा, पुढच्या खांबाचा नंबर मी लावून ठेवलाय. हा खांब मागे पडला की सुई उलटी फिरेल, तेव्हा एवढं एक बटण दाबा. बाकी कशाला हात लावू नका."

अक्का, लांब होतो तोवर ती सुई कशी शहाण्यासारखी होती. पण खांबाच्या अगदी डोक्यावर आलो आणि तिच्या अंगात आलं! डावीकडे, उजवीकडे, गरगर. मग जी उलटी फिरली ती मागेच बघत राहिली. माझी पाचावर धारण बसली. बटण समोर होतं, पण माझा हात काही पुढे होईना. सारथ्याने बिचाऱ्याने सुई पाहिली आणि विमान वळवलं. पुन्हा खांबावर, पुन्हा गरगर, पुन्हा मागे. घाण्याच्या बैलासारखे आम्ही त्या खांबाभोवती फिरत होतो. मी त्याला गोड बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं, शेवटी सूनबाईच्या नावाने बोंब मारली.

ती आली तेव्हा पेट्रोलचा काटा तळाला टेकत आला होता. "बाबा, बटण का नाही दाबलं?"

"दाबलं आणि काही भलतंच झालं असतं तर?"

"अहो, जन्मभर लोकांचे मजले दाबलेत ना तुम्ही!"

"लोक सांगायचे कुठला मजला ते."

"मग मी काय भिंतीला सांगून गेले होते?"

मी सगळा दोष सारथ्यावर ढकलला. तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "त्याची काय चूक, बाबा? दिलेला खांब त्याने धरून ठेवला. तो मागे पडलाय हे त्याला कसं कळणार? पुढचा आपणच द्यायचा असतो."

मी शालीची गाठ सोडत बसलो. ती बराच वेळ सुटेना. सूनबाई खुर्चीमागे नुसती उभी होती, बटणाला तिने हात लावला नाही. मग मीच दाबलं. विमान एकदा झोकांडलं आणि तुझ्या गावाच्या दिशेने असं सरळ निघालं म्हणतेस! उतरताना मात्र मी डोळे मिटले होते.

तर एवढं सगळं असं आहे. म्हणून येत नाही. राग मानू नये.

तुझा भित्रा
ससा

ता. क. विमान तिकडे दुपारी पोहोचतं म्हणे. हे आपलं माहितीसाठी.

ता. क. २. तुझ्याकडे गारठा असतो का? शाल आणतो आहे. तू वापरलीस तर हिला आवडेल.

ता. क. ३. विमानतळाच्या फाटकाबाहेर तो तुझा पिवळाधमक स्वेटर घालून उभी राहा. गुडघा दुखत असेल तर खुर्ची घे, पण दिसशील अशी बस. लांबून दिसलीस की मी अगदी सरळ येईन. जवळ आल्यावर मात्र मी काहीबाही बोललो, चष्मा पुसत बसलो किंवा भलतीकडेच चालू लागलो, तर घाबरू नकोस. अगदी जवळ आलं की असं होतं. तेव्हा काही विचारू नकोस, फक्त हाताला धरून घरी ने.